सातव्या हुसारांचा डोलमन: शिवणकामाच्या नोंदी

९ जून २०२४

आज नारळ फोडला. फ्रान्सच्या सातव्या हुसार रेजिमेंटमधल्या एका साध्या स्वाराचा १८०६ सालचा गणवेश पूर्ण मापात, हाताने शिवायचा. हुसार म्हणजे नेपोलियनच्या काळचं हलकं घोडदळ. डोलमन म्हणजे कमरेपर्यंतचं अंगाबरोबर जाकीट. त्यावर पेलीस, म्हणजे लोकरी कातड्याची किनार असलेलं दुसरं जाकीट, जे बहुतेक वेळा डाव्या खांद्यावर नुसतं अडकवलेलं असायचं. खाली विजार. शाको (उंच लष्करी टोपी), बूट आणि तलवार सध्या नाही.

नाटकांचे कपडे शिवण्यात माझी बावीस वर्षं गेली. मावळे, पेशवे, लाल कोटातले इंग्रज अधिकारी, सगळे माझ्या टेबलावरून गेले. रंगमंचावरचा कोट तिसऱ्या रांगेतून शोभला की काम झालं. पण गेल्या वर्षी मे महिन्यात दक्षिण फ्रान्समधल्या सालों-द-प्रोव्हान्सला जाणं झालं. तिथल्या एम्पेरी किल्ल्यात ब्रुनों यांनी जमवलेला फ्रेंच सैन्याच्या कपड्यांचा आणि शस्त्रांचा संग्रह आहे. काचेपलीकडे हुसारांचे डोलमन उभे होते. पुढून नुसता गोफांचा आणि बटणांचा सडा. मी बाजूला सरकून पाठ पाहिली आणि तिथेच थांबले. पाठीचा मधला तुकडा कमरेशी जेमतेम चार बोटांवर आला होता. शिवण इतकी आत का घेतली असेल? अंगकाठी बारीक दिसावी म्हणून घेतली, असं कुणी सांगितलं तर माझं समाधान होणार नव्हतं. कपडा कापून, शिवून, कुणाच्या तरी अंगावर चढवूनच ते कळेल, असं वाटलं.

मास्तरांना फोटो दाखवले. तीस वर्षं कात्री चालवणारा माणूस. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, नाटक कुठलं?"

"नाटक नाही मास्तर. हे माझ्यासाठी."

त्यांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "मग घाई नाही ना? तर करू."

१६ जून

सातवीच रेजिमेंट का, याचं एक कारण रंग. त्या काळी फ्रेंच सैन्यात हुसारांच्या दहा रेजिमेंट होत्या आणि प्रत्येकीचा जोड वेगळा. पहिली आकाशी, दुसरी तपकिरी, चौथी गडद निळ्या डोलमनवर लाल पेलीस, पाचवी आकाशी डोलमनवर पांढरी पेलीस. सातवीचं डोलमन आणि पेलीस गडद हिरवी, गळपट्टी आणि बाह्यांचे कफ लालभडक, गोफ पिवळे, विजार लाल. हे रंग आपल्याकडच्या कुठल्याही लग्नात शोभतील.

दुसरं कारण लासाल. १८०६ मध्ये पाचव्या आणि सातव्या हुसारांची मिळून एक ब्रिगेड होती, तिचा तो सेनानी. त्याच्याबद्दल पुढे लिहीन, कारण त्या ब्रिगेडच्या दोन गोष्टी मला शिवताना सारख्या आठवणार आहेत.

हुसार मुळात हंगेरीचे. फ्रान्समधली त्यांची सर्वांत नामांकित रेजिमेंट १७२० मध्ये बेर्चेनी नावाच्या हंगेरियन सरदाराने उभी केली. घरचा उठाव फसल्यावर परागंदा झालेली माणसं होती ती. येताना त्यांनी आपला पोशाखही आणला: आखूड जाकीट, गोफांची बिरडी, घट्ट विजार, खांद्यावर कातडं. पुढे शंभर वर्षांत युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक राजाने तो उचलला. नेपोलियनशी लढणाऱ्या प्रशियाकडे हुसार होते, ऑस्ट्रियाकडे होते, रशियाकडे होते आणि इंग्रजांनीही आपल्या काही हलक्या रेजिमेंटना तो वेष चढवला. समोरासमोर येणारे दोन्ही बाजूंचे स्वार एकाच कापाच्या जाकिटात. धुळीत आपला कोण आणि परका कोण हे ओळखणं किती अवघड गेलं असेल!

अधिकाऱ्याचं जाकीट मुद्दाम टाळलं. संग्रहालयांत तीच जास्त उरली आहेत, कारण ती घरी पेटीत जपली गेली. साध्या स्वाराचं जाकीट अंगावरच झिजलं, मग ठिगळांसाठी कापलं गेलं. जे उरलं नाही तेच करावं असं मनात आहे.

३० जून

मांजरपाटाचं कच्चं जाकीट आज उभं राहिलं आणि पूर्ण फसलं.

माप १६५ सेंटीमीटर उंचीचं धरलं आहे. त्या काळच्या फ्रेंच शिपायाची सरासरी उंची त्याच्या आसपास होती. मी मापं घेतली ती फोटोंवरून, पण कापताना हाताला जी सवय तीच चालली. मुंढा, म्हणजे बाही जोडायची खांद्याची गोलाई, नेहमीसारखा मोठा, खाली उतरलेला. वाटलं, ऐसपैस मुंढा म्हणजे हात मोकळा. माझ्या भाच्याला ते घातलं आणि तलवार उगारल्यासारखा उजवा हात वर करायला सांगितला. हात वर, आणि हाताबरोबर सगळं जाकीट वर. कमरेशी वीतभर सदरा दिसायला लागला. हात खाली घेतला तरी जाकीट परत जागेवर बसेना.

डोलमन कमरेवरच संपतो. त्याखाली लांब कोटासारखा घेर नाही. तो एवढा वर गेला तर स्वाराचं पोट उघडं पडतं.

७ जुलै

मास्तरांनी कच्चं जाकीट उसवलं. बराच वेळ नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "मुंढा मोठा केला की हात मोकळा, हे सदऱ्याला खरं. इथे उलटं आहे. मुंढा बगलेत घट्ट बसवा, म्हणजे हात फिरेल आणि अंग जागेवर राहील."

त्यांनी मुंढा तब्बल साडेतीन सेंटीमीटर वर नेला. पाठीचा तुकडा अरुंद केला, बाजूच्या शिवणी मागे सरकवल्या आणि बाहीचा वरचा भाग पाठीच्या अंगाने भरपूर ठेवला. बाही थोडी कोपरात वाकलेलीच कापली, लगाम धरणाऱ्या हातासारखी. पुन्हा कच्चे टाके, पुन्हा भाचा. हात वर केला. जाकीट दोन बोटंही हललं नाही. त्याने हात मागे नेला, पुढे नेला, कमरेत वळून मागे पाहिलं. जाकीट अंगाला चिकटून वळत होतं.

एम्पेरीत पाहिलेल्या त्या चार बोटांच्या पाठीचं हे उत्तर. शिवण पाठीत जितकी आत, तितका बाहीला मागून जागेचा साठा जास्त. लूव्ह्रमध्ये जेरिकोचं एक प्रचंड चित्र आहे, १८१२ चं. उधळलेल्या घोड्यावर बसलेला, कमरेतून पार मागे वळलेला नेपोलियनच्या गार्डमधला अधिकारी. त्याच्याकडे पाहताना आतापर्यंत माझं लक्ष घोड्याकडे आणि बिबट्याच्या कातड्याकडे जायचं. आज संध्याकाळी छापील प्रत काढून तासभर फक्त त्याची पाठ आणि खांदा पाहिला.

२१ जुलै

कापड आलं. ती बनात. हा शब्द जुन्या मराठीत या कापडासाठी रुळलेला आहे: लोकर विणून, मग पाण्यात कुटून, आटवून इतकी घट्ट केलेली की वीण दिसतच नाही. पांढरंच घेतलं, रंग नंतर.

कात्रीने एक पट्टी कापली आणि कडेवरून नख जोरात घासलं. एकही धागा सुटला नाही. त्या काळचे शिंपी बनातीच्या कडा न दुमडता उघड्याच ठेवत, ते यामुळे. दुमड नाही म्हणजे शिवणीत जाडी नाही, आणि म्हणूनच एवढं घट्ट जाकीट बगलेत रुतत नाही. हे कळल्यावर शिवणीसाठी सोडलेलं कापड निम्म्याने कमी केलं.

१८ ऑगस्ट

तीन रविवार नुसते रंगात गेले. हात कोपरापर्यंत निळे आहेत.

तेव्हाचा हिरवा एका रंगाने होत नसे. आधी निळीत बुडवायचं, मग त्यावर पिवळा चढवायचा. फ्रान्समध्ये पिवळा वेल्ड नावाच्या झाडापासून काढत. मी तुरटीवर एका तुकड्याला हळद, दुसऱ्याला झेंडू आणि तिसऱ्याला डाळिंबाची साल वापरली. निळीचं पिंप लावताना जपावं लागलं, कारण चुना जरा जास्त झाला की लोकर खरखरीत होते. पहिला तुकडा तसाच वाया गेला. दुसरा नीट उतरला. पिंपातून वर काढला तेव्हा पोपटी पिवळा होता आणि हवा लागताच माझ्या हातातच, कडेकडून आत, निळा होत गेला. पन्नास वेळा पाहिलं तरी ते पाहत राहावंसं वाटतं.

लालसाठी मंजिष्ठ. फ्रेंच स्वारांचा लाल तिच्याच बहिणीचा, तिकडच्या मंजिष्ठेच्या मुळांचा. अधिकाऱ्यांचा झगझगीत लाल मात्र कोचिनील किड्याचा, आणि तो महाग. एकाच रेजिमेंटमध्ये लाल दोन प्रकारचा दिसत असणार, जवळून पाहणाऱ्याला दर्जा रंगावरून कळत असणार.

या निळीने त्या काळी नेपोलियनला फार सतावलं. फ्रान्सला नीळ मिळायची कॅरिबियन बेटांवरच्या सें-दोमिंग वसाहतीतून. तिथे १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. ती वाट बंद. दुसरी मोठी नीळ बंगालची, आणि ती इंग्रजांच्या जहाजांतून येणार. त्यांच्याशी तर युद्ध! शेवटी १८०६ मध्ये पायदळाच्या काही रेजिमेंटना निळ्याऐवजी पांढरे कोट देऊन पाहिले. पुढच्या वर्षी तो नाद सोडला. १८११ मध्ये सरकार शेतकऱ्यांना वोड नावाचं झाड लावायला सांगत होतं. त्याच्या पानांत निळीचंच द्रव्य असतं, फक्त फार थोडं. हे वाचलं आणि बिहार-बंगालचे नीळ पिकवणारे शेतकरी आठवले. त्यांच्या घामाची नीळ इंग्रज कोटांवर चढत होती आणि तीच हाती नाही म्हणून फ्रेंच कोट पांढरे होत होते.

१५ सप्टेंबर

गणपती. मंडळांच्या जिवंत देखाव्यांचे कपडे. या कामाला दोन आठवडे हात लावलेला नाही.

१२ ऑक्टोबर

दसरा. कात्री, अंगुस्तान, सुया आणि हिरव्या बनातीचा गठ्ठा पूजेत ठेवला.

रंगाच्या तुकड्यांचा निकालही लागला. पावसाळा सरल्यावर प्रत्येक तुकड्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून गच्चीवर ऑक्टोबरच्या उन्हात टाकला होता. हळदीचा हिरवा आठ दिवसांत निळसर राखाडी झाला. पिवळा उडाला, नीळ राहिली. झेंडूचा बराच टिकला. युरोपातल्या जुन्या भिंतपडद्यांवर झाडांची पानं निळी दिसतात, त्याचं कारणही हेच: वरचा पिवळा गेला, खालची नीळ उरली. मोहिमेवरचे हुसारही असेच असणार. सगळे एकाच हिरव्यातले चित्रात दिसतात, पण सहा महिन्यांचा स्वार आणि कालच आलेला स्वार शेजारी उभे केले तर दोन वेगळे हिरवे.

सगळं कापड घरच्या पिंपात एकसारखं रंगणं मला जमणार नव्हतं. झेंडूचा तुकडा नमुना म्हणून रंगाऱ्याकडे दिला आणि त्याच्याकडून साडेतीन मीटर त्याच रंगात काढून घेतलं. गळपट्टी आणि कफ मात्र माझ्या मंजिष्ठेचे.

२० ऑक्टोबर

गोफांसाठी रविवार पेठेत पटवेकरी काकांकडे गेले. दिवाळीच्या तोंडावर त्यांना श्वास घ्यायला वेळ नव्हता, तरी फोटो पाहून त्यांनी हातातली मोहनमाळ बाजूला ठेवली.

हुसारांच्या छातीवरचा गोफ गोल नाही, चौकोनी असतो. काकांनी भिंगातून पाहिलं. "आठ पदरी आहे. चौकोन धरायचा तर प्रत्येक फेरीला सारखा ताण पाहिजे, एक फेरी सैल गेली की पीळ पडतो." मग समोरचाच पिवळा धागा आठ ठिकाणी घेतला, टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं आणि पाच मिनिटांत बोटभर चौकोनी गोफ माझ्या हातावर ठेवला. तो फोटोशेजारी धरला. काय बोलावं सुचेना.

साध्या स्वाराचा गोफ लोकरीचा. अधिकाऱ्याचा सोनेरी किंवा रुपेरी, रेशमी धाग्यावर धातूची तार गुंडाळलेला. काका लगेच म्हणाले, "म्हणजे कलाबतू." अगदी तेच. पैठणीच्या पदरात असते तीच गोष्ट, तिकडे छातीवर.

डोलमनला मी अठरा ओळी धरल्या आहेत, प्रत्येक ओळीत पाच बटणं. म्हणजे बटणं नव्वद. बाह्यांवरच्या गाठी आणि पाठीवरच्या शिवणी धरून गोफ एकतीस मीटर. कमरपट्टाही त्यांनाच सांगितला: लाल दोऱ्यांचा झुपका आणि मध्ये मध्ये पिंपाच्या आकाराच्या पिवळ्या गाठी. काका म्हणाले, डिसेंबरच्या आधी होणार नाही. थांबेन.

२९ ऑक्टोबर

धनत्रयोदशी. दुकान लवकर बंद केलं. आजची तारीख वहीत आधीच लिहून ठेवली होती.

१४ ऑक्टोबर १८०६ ला येना आणि आउअरश्टेट इथे प्रशियाचं सैन्य मोडलं आणि नेपोलियनचा सेनानी म्युरा याच्या घोडदळाने त्याचा पाठलाग सुरू केला. त्यात लासालची ब्रिगेड आघाडीवर. २८ ला प्रेन्झलाऊला प्रशियाचा सेनापती होहेनलोहे याने सुमारे दहा हजार माणसांसह शस्त्रं खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी लासाल श्टेटिनच्या किल्ल्यापुढे पोचला. ओडर नदीवरचं भक्कम बंदर, आत पाच हजारांवर शिबंदी, तटावर शंभरावर तोफा. लासालकडे आठशेच्या आसपास हुसार आणि दोन हलक्या तोफा. शिडी नाही, सुरुंग नाही, पायदळ नाही. त्याने किल्लेदाराला निरोप धाडला की मुकाट्याने स्वाधीन व्हा, मागून सगळं सैन्य येतंय. किल्लेदार म्हातारा, मनाने आधीच हरलेला. त्या रात्री करार झाला आणि ३० तारखेला शिबंदी बाहेर आली.

आपल्याकडच्या किल्ल्यांच्या कथांत वाढलेल्या माणसाला हे वाचून नवल वाटत नाही. किल्ला पडतो तो आधी किल्लेदाराच्या डोक्यात. पण मी आज विचार करते आहे तो त्या आठशे जाकिटांचा. पंधरा दिवस पावसात, चिखलात, रात्री उघड्यावर. तटावरून ज्यांना ते दिसले त्यांना पिवळे गोफ आणि लाल विजारी दिसल्याच नसतील. चिखलाचा एकच रंग.

१७ नोव्हेंबर

बटणं पितळेची, साधी, अर्धगोल. एका ओतकाम करणाऱ्याकडून दोनशे करून घेतली, पेलीसची धरून. नव्वद बटणांचं वजन काट्यावर ठेवलं तर ३२० ग्रॅम भरलं.

पायदळाच्या बटणांवर रेजिमेंटचा आकडा असे, आणि त्या आकड्यांनी पुढे फार मोठं काम केलं. २००१ मध्ये लिथुएनियाच्या व्हिल्नियस शहरात जुन्या सोव्हिएत बराकींच्या जागी बांधकाम चालू असताना एक सामूहिक दफनभूमी सापडली. तीन हजारांहून जास्त माणसं. डिसेंबर १८१२ मध्ये रशियातून परतताना थंडीने, उपासमारीने आणि उवांमुळे पसरणाऱ्या तापांनी मेलेली नेपोलियनची माणसं. कोण कुठल्या रेजिमेंटचा, हे कळलं ते कापडाच्या चिंध्यांवर राहिलेल्या बटणांवरून.

एक गोष्ट वारंवार सांगितली जाते की रशियाच्या थंडीत कथलाची बटणं भुगा होऊन गळाली आणि कोट उघडे पडले. शुद्ध कथील १३ अंशांखाली हळूहळू राखाडी भुकटीत बदलू शकतं, हे खरं. पण त्याला बराच काळ लागतो आणि शिसं वा अँटिमनी मिसळलेल्या मिश्रधातूत ते सहज होत नाही. शिवाय त्याच थंडीत मेलेल्या माणसांच्या बटणांवरचा आकडा १८९ वर्षांनी वाचता आला. मी ती गोष्ट यापुढे कुणाला सांगणार नाही.

सातवी हुसारही १८१२ मध्ये रशियात गेली होती. हुसारांच्या साध्या बटणांवर आकडा नाही. त्यांचे कोण, हे बटण सांगू शकत नाही.

२६ डिसेंबर

गोफ लावणं चालू आहे. रात्री दहा ते साडेअकरा, मेणाचा दोरा, एका बैठकीला एक ओळ. बाराव्या ओळीवर आहे. टाका गोफाच्या पोटातून काढायचा, वर दिसता कामा नये. अंगठ्याच्या पेराला चीर पडली आहे.

लासालची दुसरी गोष्ट आजच्या तारखेची. श्टेटिनला दोन महिनेही झाले नव्हते. २६ डिसेंबर १८०६, पोलंडमधलं गोलिमिन. चिखल घोड्याच्या गुडघ्यापर्यंत. हीच ब्रिगेड, हीच माणसं रशियन तोफांवर निघाली आणि मध्येच धीर सुटून जवळजवळ सगळी मागे पळाली. लासाल त्यांच्यामागे गेला, त्यांना गोळा केलं आणि परत आणून तोफांच्या माऱ्यात उभं केलं. हल्ला नाही, माघार नाही, नुसतं उभं राहायचं. रात्रीपर्यंत. स्वतः सर्वांत पुढे. त्याच्याखाली दोन घोडे पडले. कुणी हललं नाही म्हणतात.

किल्ला घेतल्याची गोष्ट सगळीकडे लिहिलेली असते, ही कमी ठिकाणी. मला ही जास्त जवळची वाटते. पळाले म्हणून त्याने त्यांना टाकलं नाही, आणि त्यांच्याबरोबर तोही उभा राहिला. १८०९ च्या जुलैमध्ये वाग्रामच्या लढाईत तो मारला गेला, चौतिसाव्या वर्षी.

ओळ तेरावी उद्या.

१२ जानेवारी २०२५

डोलमन पूर्ण. अठरा ओळी, नव्वद बटणं, कच्चे टाके धरून एकशे साठ तास. गोफांनी छाती घट्ट झाली आहे, टेबलावर उभी केली तर पडत नाही. गोफ तलवारीचा वार अडवत, असं म्हणतात. उरलेल्या बनातीवर गोफ शिवून मी जड सुरीने मारून पाहिलं. गोफ तुटला, खालची बनातही कापली गेली. कोन तिरपा असता तर कदाचित फरक पडला असता, पण मी यावर विसंबून घोड्यावर चढणार नाही.

विजारीबाबत निर्णय बदलला. लाल, घट्ट, हंगेरियन विजार शिवायची होती. पण पाठलागावर निघालेला स्वार तिच्यावर, किंवा तिच्याऐवजी, करड्या जाड कापडाची सैल विजार घाले. बाहेरच्या बाजूने खालपर्यंत बटणं आणि मांड्यांच्या आतून चामडं, खोगिरावर घासून कापड जाऊ नये म्हणून. माझा स्वार येनाहून श्टेटिनला निघालेला आहे, तर त्याला तीच दिली. चामडं चांभाराकडून दाभणाने शिवून घेतलं, माझ्या सुया त्यात मोडल्या.

२ फेब्रुवारी

पेलीस. किनारीला कोकराचं काळं कातडं लागतं. ओळखीच्या धनगराकडून दख्खनी मेंढीचं मिळालं. रंग अस्सल काळा, पण केस सरळ. युरोपातल्या कोकराचे अधिक कुरळे असतात. मला हे चाललं.

आतून पांढरं लोकरी अस्तर. वजन १ किलो ७४० ग्रॅम. डाव्या खांद्यावर अडकवून दोरी बगलेतून घेऊन बांधली आणि अर्धा तास दुकानात वावरले. ढालीसारखी डावी बाजू राखते म्हणतात. चालताना तरी ती प्रत्येक पावलाला पाठीवर आपटते आणि दोरी गळपट्टीत रुतते. मग दोन्ही हात बाह्यांत घालून अंगावर घेतली. लगेच ऊब. हंगेरीच्या हिवाळ्यात जन्मलेला कपडा आहे तो. पुण्याच्या फेब्रुवारीत दहा मिनिटांत घाम फुटला.

मार्बो नावाच्या अधिकाऱ्याच्या आठवणींत एक प्रसंग आहे. पोरवयात तो पहिल्या हुसारांत, म्हणजे बेर्चेनींच्याच रेजिमेंटमध्ये भरती झाला. हुसाराला लांब वेणी, कानांपुढे दोन बारीक वेण्या आणि मिशा हव्यात. याला मिशाच फुटल्या नव्हत्या. मग खोट्या वेण्या लावल्या आणि काळ्या मेणाने मिशा रंगवल्या. उन्हात ते मेण सुकून कातडी ओढायचं, पण त्याने डोळा मिटला नाही. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला सातव्या हुसारांचा कर्नल तोच होता.

२३ फेब्रुवारी

आज घोड्यावर.

शहराबाहेरच्या एका घोडेस्वारी शाळेत सकाळी सात वाजता. तिथे शिकवणारी मुलगी १६५ सेंटीमीटरची, खांद्याने रुंद. तिने डोलमन, करडी विजार आणि काकांचा कमरपट्टा चढवला. मास्तरही आले होते, आयुष्यात पहिल्यांदा पागेत. हातात तलवारीच्या मापाची लाकडी फळी.

आधी नुसती चाल, मग दुडकी, मग दौड. ती हात वर करून आमच्या समोरून गेली. मी फक्त कमर पाहत होते. सदरा दिसला नाही. परत वळताना ती खोगिरात मागे फिरली, फळी उजवीकडून खाली आणली, पुन्हा वर नेली. जाकीट जागचं हललं नाही. मास्तरांनी काही न बोलता माझ्या दंडाला हात लावला.

उतरल्यावर तिने सांगितलेलं तसंच लिहिते. उजवा हात पूर्ण मोकळा. मान वळवताना गळपट्टी हनुवटीखाली घासते, एक सेंटीमीटर तरी कमी हवी. विजारीच्या चामड्यामुळे पकड चांगली. डावा हात मात्र सारखा पुढे, लगामावर, आणि पाठीत डाव्या बाजूला ताण बसतो.

जाकीट उलटं करून पाहिलं. डाव्या मुंढ्याच्या मागे, बाही पाठीला मिळते तिथे, चार टाके सुटले होते. उजव्या बाजूला एकही नाही. मी दोन्ही बाह्या एकसारख्या कापल्या होत्या. डावा हात तासन्‌तास पुढे आणि उजवा वर, तर दोन्ही बाह्या एकसारख्या असून कशा चालतील, असं मास्तर परतताना रिक्षात म्हणाले. एम्पेरीत काढलेले पाठीचे फोटो रात्री मोठे करून पाहिले. एकाही फोटोत डावी बाही नीट आलेली नाही, सगळे उजव्या अंगाने काढलेत.

डावी बाही उद्या उसवायची. मागून दीड सेंटीमीटर वाढवून पाहू. हिरवी बनात वीतभरच उरली आहे, पण तेवढी पुरेल.